ग्लासगो जिंकलं तर वलगाव खेळणार

२६ मे १९६७, शुक्रवार, सकाळ. स्थळ: अमरावतीच्या राजापेठेतलं कापडाचं दुकान. हजर: आमच्या फुटबॉल क्लबचे सेक्रेटरी, ज्यांना सगळे काकाजी म्हणत (दुकान त्यांचं, रेडिओ त्यांचा, म्हणून शब्दही त्यांचाच), मोर्शीचा गोलकीपर, वलगावचा डावा विंगर, आणि क्लबच्या याद्या करणारा मी.

आदल्या दिवशी लिस्बनला युरोपच्या सर्वांत मोठ्या कपाचा अंतिम सामना झाला होता. एकीकडे स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचे हिरवे-पांढरे, दुसरीकडे मिलानचे इटालियन. निकाल आम्हाला माहीत नव्हता, आणि आमची टीम त्या निकालावर ठरणार होती.

दर जूनमध्ये आमचा अकोल्याशी सामना होई आणि दर वेळी काकाजी कामठीहून तीन तयार खेळाडू आणत. येण्याजाण्याचं भाडं, जेवण, वर पाकीट. त्यात डाव्या विंगचा एक असायचाच. मग वलगावचा आमचा विंगर, जो वर्षभर आमच्यात सर्वांत जोरात पळायचा, ऐन सामन्याला रेषेबाहेर बसून लिंबं कापायचा. कारण कोणी सांगत नसे. त्यालाही ते विचारावं लागत नसे.

स्कॉटलंडच्या फुटबॉलचं वेड गोलकीपरने आणलं. शनिवारी जेवणं आटोपून आम्ही दुकानात जमायचो आणि काकाजी विलायतेचं स्टेशन लावायचे. निकाल वाचणाऱ्याचा आवाज दुसऱ्या संघाच्या नावावर चढला की उतरला, यावरून त्याचे गोल किती ते आम्ही आधीच ओरडायचो. चुकला त्याने चहा पाजायचा. दुकानाच्या मागच्या भिंतीवर मी खडूने तक्ता आखला होता. ऑक्टोबरात हिरव्यांनी त्या मोसमातला तिथला पहिला कप घेतला, तोही आपल्याच शहरातल्या निळ्यांना एका गोलने हरवून. काकाजी निळ्यांचे. जानेवारीत इंग्लंडच्या सरहद्दीवरच्या एका चिमुकल्या गावाने निळ्यांना दुसऱ्या कपातून घालवलं, तेव्हा त्यांनी रेडिओलाच दोष दिला. मार्चमध्ये युगोस्लाव्हियाच्या संघाविरुद्ध हिरव्यांनी अगदी शेवटच्या क्षणी डोक्याने गोल मारला आणि आम्ही कापडाच्या गाठींवर उड्या मारल्या. एप्रिलअखेर तो दुसरा कपही त्यांचा, मे उजाडताच लीगही त्यांची.

आणि मग रेडिओवरच ऐकलं, की ते अकराही जण ग्लासगोच्या तीस मैलांतले आहेत.

विंगर उठून उभा राहिला. "काकाजी, आयकलं का? एकही भाड्याचा नाही."

"त्याईचं त्याईले. अकोल्यासमोर नाक कापून घेऊ का मी?"

"मंग यंदाही बसवा मले. पण सांगून ठेवतो, अकोलेवाले बोलावून राहिले. त्याईच्याकडून खेळीन, अन् पयला गोल तुमच्यावर मारीन."

काकाजींनी गल्ला उघडून पुन्हा बंद केला. "बरं बापा. तुहे गोरे लिस्बनले जिंकले तर आपलेच पोट्टे खेळवू. हारले तर कामठीले तार."

म्हणून ती सकाळ. स्टेशन लागलं तेव्हा बातमी अर्ध्यावर आली होती. इंग्रजी ऐकून मराठीत सांगायचं काम माझं. "सुरुवातीलाच इटालियनांना पेनल्टी. गोल."

काकाजींनी चप्पल पायात घातली. तार ऑफिस जवळच होतं.

"थांबा ना जरा," गोलकीपर म्हणाला. "कावून घाई करून राहिले?"

तेवढ्यात आवाज गेला. नुसती खरखर. काकाजींनी एका पायावर उभं राहूनच बटण फिरवलं. विंगर हलला नाही. नजर रेडिओवर, हाताच्या मुठी. आवाज परत आला तो ओरडल्यासारखा. उत्तरार्धात बरोबरी, आणि शेवटी शेवटी दुसरा गोल. दोन-एक! "ग्लासगो!" मी ओरडलो. गोलकीपरने मांजरपाटाचा अख्खा तागा छताकडे उडवला, तो उलगडत आमच्याच डोक्यांवर आला, आणि त्याच्याखालून काकाजींचा आवाज: "अबे, मळवू नका! विकाचा आहे तो!"

चप्पल काढून ते गादीवर बसले. मला म्हणाले, "कर यादी. तीस मैलांतले घे." थोड्या वेळाने, "मोर्शी बसते का तीसात?"

"थोडी जास्त पडते."

"पडू दे. ग्लासगोवाले मोजाले येऊन नाही राहिले."

अकरा नावांत डाव्या विंगला वलगाव लिहिलं, आणि ती यादी मी त्याच्याच हाती वाचायला दिली. त्याने ती दोनदा वाचली. एवढंच म्हणाला, "लिंबं आता कोण कापन?"

काकाजींनी कापली. अकोल्याच्या मैदानावर, रेषेबाहेर बसून. अकोल्याने आधी गोल केला. मग आमचा विंगर डावीकडून असा सुटला की त्यांचा बॅक मागे बघतच राहिला. तिरपा फटका, जाळी, बरोबरी. काकाजी हातातल्या चाकूसकट नाचले. शिट्टी वाजली तेव्हा एक-एक. फेरसामना अमरावतीला घ्यायचा, तारीख पेरण्या आटोपल्यावर, असं दोन्ही क्लबांत ठरलं.

पेरण्या आटोपल्या. मग अकोल्याचे निम्मे खेळाडू कामाधंद्याला लागले, मग आमचे. जूनचा सामना मात्र होत राहिला; वलगावचा विंगर त्यात पुढची चार वर्षं सलग खेळला, आणि कामठीला तार पुन्हा गेली नाही. पण तो फेरसामना राहिला. परवा तो भेटला, केस पिकलेले, सायकलवरून उतरून विचारतो, "आपल्या म्याचचं काय झालं? मी पाय मोकळे करून राहिलो."

अकोल्याला पत्र टाकायचं आहे.