पानथरी दिसत नाही

आमच्या सोनोग्राफी सेंटरमधून रिपोर्ट पेशंट घेऊन जातो आणि किस्सा माझ्याकडे राहतो! मी कॉलेज रोडवर रिपोर्ट टाइप करते. बुधवारी सिकलसेलवाले येतात, हरसूल-पेठकडचे. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि अडकतात. त्यांनी आत काय काय बिघडवलं, ते आमच्या डॉक्टर मॅडम मशीनवर बघतात.

*

विशीतल्या एका पोराच्या पित्ताशयात खडे निघाले. सिकलमध्ये होतात. मॅडम "खडे आहेत" म्हणाल्या आणि त्याची आई रडायलाच लागली. "म्याडम, देवाशप्पथ, मी तांदूळ दोनदा निवडते!"

*

सटाण्याहून एका काकांचा फोन. "ताई, पुतणीच्या रिपोर्टवर सिकलचं नका लिहू. शनिवारी पाहुणे येताय."

"मग पोट कशानं दुखतं लिहू?"

"लिहा ना, दगदग!"

*

सविता नऊ वर्षांची, हरसूलजवळची. तिची पानथरी, म्हणजे प्लीहा, आधी सुजलेली असायची. मग लहान होत गेली. या खेपेला मॅडमनी पोटावर प्रोब फिरवून फिरवून पाहिलं. "दिसतच नाही."

बाबा एकदम खूश! "सूज गेली! बरी झाली पोर!" पिशवीतून नागलीचे पापड काढून थेट माझ्या टेबलावर.

मॅडमनी त्यांना खाली बसवलं. पानथरी बरी नाही झाली, आतल्या आत सुकून संपली. आता जंतूंशी लढायला ती नाही, साधा ताप आला तरी त्याच दिवशी दवाखाना.

बाबा पापडांकडे बघत राहिले. "ऱ्हाऊ द्या. आणलेत तर ऱ्हाऊ द्या."

*

तोच रिपोर्ट मी घाईत ठरलेल्या साच्यातून टाइप केला. मॅडम ओरडल्याच, "'प्लीहा नॉर्मल'? जी नाहीये ती नॉर्मल कशी गं?"

सहीच्या आधी पकडलं म्हणून बरं. "हे वाचून कोणी तिला तापात घरी ठेवलं असतं ना..." मी त्या दिवशी डबा उघडला नाही.

*

गेल्या बुधवारी सविताच्या डोक्याचा डॉप्लर होता. कानशिलावर जेल लावून प्रोब ठेवला की मेंदूकडे जाणारं रक्त स्पीकरवर ऐकू येतं. फार जोरात पळत असेल तर लकव्याची भीती. तिच्या मोठ्या भावाला तोच झालाय, पाय ओढत चालतो.

शूं शूं शूं शूं! मॅडमनी वेग पुन्हा मोजला.

बाबांनी भिंतीला हात टेकला. "म्याडम, त्याचं बी असंच पळत व्हतं ना?"

"हिचं जास्त पळतंय," मॅडम हळूच म्हणाल्या.

सवितानं ऐकलंच! जेलसकट उठून बसली, डोळे हे एवढे मोठे.

"बाबा, मी पुढं गेले ते दादाला नका सांगू हां. त्याला वाईट वाटंल!"