कापून टाकलेला खोकला

माझ्याकडं आवाज भरून घ्यायला येणाऱ्याला मी आधीच सांगतो, खोकला कापून मिळणार नाही. भजनी मंडळवाले चिडतात. "अहो, बुवांचा खोकला तेवढा काढा की! किती खराब वाटतं ऐकायला." मी म्हणतो, बुवाच खोकले ना? मग राहू द्या. माझ्या माघारी लोक म्हणतात, म्हातारा तिरसट झालाय. झालोय खरा. पण त्याला कारण आहे, आणि ते मी आजवर दुकानात उभं राहून कुणाला सांगितलेलं नाही.

लोणावळ्याच्या बाजारात मी रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं ते पंचावन्न-छप्पन साली. पुढं पाच-सहा वर्षांनी एका पारशी बाईंनी बंगला विकला आणि जाताना त्यांचा मोठा टेपरेकॉर्डर मला देऊन गेल्या. दोन चक्र्यांचा, दोन्ही हातांनी उचलावा लागायचा असा. मावळात तेव्हा तसलं यंत्र कुणाकडं नव्हतं. लग्नं, कीर्तनं, निवडणुकीची भाषणं, सगळीकडं मी ते एसटीच्या टपावर न टाकता मांडीवर घेऊन जायचो. आणि माझी शेखी एकच, आवाज स्वच्छ. फितीवर नको असलेला आवाज आला की पांढऱ्या पेन्सिलीनं दोन खुणा करायच्या, मधलं कात्रीनं उडवायचं, दोन टोकं चिकटपट्टीनं जोडायची. कुत्रं भुंकलं, काप. पोर रडलं, काप. वक्ता अडखळला, काप. भाषण देणाऱ्याला स्वतःलाच वाटायचं, च्यायला, मी इतका बरा बोललो होय?

त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर साली आमच्या गावातल्या योगाच्या आश्रमात कंबोडियाचा एक माणूस शिकायला आला. तिशीचा, बुटका, सदा हसरा. त्याचं नाव आमच्या जिभेला वळत नव्हतं, म्हणून सगळा बाजार त्याला पाव्हणा म्हणायचा. त्यालाही ते आवडायचं. मराठी तो भाजीबाजारात शिकला, त्यामुळं घासाघीस उत्तम करायचा आणि बाकीचं बोलताना अडायचा. त्याच्या देशात तेव्हा लढाई चालू होती. ती संपायच्या जरा आधी तिकडून आलेल्या एका भिक्खूनं त्याला फितीचं एक स्पूल आणून दिलं. पाव्हण्याचा भाऊ राजधानीत रेडिओवर कामाला होता. त्यानं यंत्र गावी नेऊन घरच्यांचा आवाज भरून पाठवला होता. त्यानंतर तिकडून एकही पत्र आलं नाही.

पाव्हण्याकडं यंत्र नव्हतं. म्हणून दर रविवारी दुपारी तो स्पूल घेऊन माझ्या दुकानात यायचा. चार वर्षं. मी चहा सांगायचो, तो खुर्चीत बसायचा आणि आम्ही दोघं ती फीत ऐकायचो. मला एक अक्षर कळायचं नाही. पण आईचा आवाज कुठला, बहिणीचा कुठला, भाऊ कुठं प्रश्न विचारतो, हे पाठ झालं होतं. आई बोलायला लागली की थांबायची नाही. बहीण एक गाणं म्हणायची आणि मध्येच हसायची. मागं भात कांडल्याचा आवाज, कोंबडा, आणि सारखा सारखा एक खोकला. आई रंगात आली की खोकला. बहिणीनं सूर लावला की खोकला. माझा जीव अगदी कावून जायचा. खोकला आला की पाव्हणा मात्र गालात हसायचा. मला वाटायचं, यालाही त्याची गंमत वाटते. विचारलं कधीच नाही.

एकोणऐंशी सालच्या पावसाळ्यात थायलंडच्या हद्दीवरच्या छावणीतून त्याला ओळखीच्या एका माणसाचं पत्र आलं. गावातल्या बहुतेकांना लढाई जिंकून आलेल्या नव्या राजवटीनं मारलं होतं, उरलेले उपाशी राबून मेले होते. पाव्हण्याच्या घरातलं कुणीही उरलं नव्हतं. आई, बाप, भाऊ, बहीण. हे त्यानं मला दुकानाच्या पायरीवर बसून सांगितलं, भाजीबाजारातल्या त्याच्या मराठीत. "सगळे गेले, भाऊ. फोटो पण नाही. फक्त हा." आणि स्पुलाचा डबा माझ्या हातात दिला.

त्याला दिल्लीला जायचं होतं, आणखी कुणाचा काही पत्ता लागतो का ते बघायला. त्या पत्रातूनच त्याला कळलं होतं, की छावणीत सुटून आलेली माणसं आपापल्या गावाची माहिती, फोटो, आवाज, जे हाती असेल ते जमवायला लागली आहेत. त्याला ही फीत त्यांच्याकडं न्यायची होती. "लोक म्हणतात, असं काही झालंच नाही. मग मी म्हणणार, ऐका. ही माणसं होती." पण लोणावळ्याच्या पावसात चपलांवर बुरशी येते तिथं फितीची काय कथा! ती जागोजागी चिकटली होती, पांढरी पडली होती. तो म्हणाला, "मी येईपर्यंत साफ करून ठेवा." मी म्हणालो, निश्चिंत जा, नव्यासारखी करून देतो.

नव्यासारखी! मी खरोखर जीव ओतला हो. चौदा-पंधरा दिवस दुसरं काम घेतलं नाही. फीत दोरीवर पसरून दिव्याच्या उबेत वाळवली, मऊ फडक्यानं हात-हात पुसली. माझ्याकडं यंत्र एकच, त्यामुळं नक्कल करायची सोय नाही. जे करायचं ते मूळ फितीवरच. आणि मग मला वाटलं, एवढं करतोच आहोत तर या बिचाऱ्यासाठी ती चांगली स्वच्छच करून द्यावी. तिकडं मोठमोठी माणसं ऐकणार. कोंबडा उडवला. कांडण उडवलं. बायका काही न बोलता नुसत्या बसल्या होत्या त्या जागा उडवल्या. आणि तो खोकला तर एकेक करून वेचून काढला. शेवटी आई आणि बहीण अशा घडाघडा बोलायला लागल्या, की मी स्वतःवरच खूश झालो. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते काही उगीच नाही.

कापलेले तुकडे टेबलाखाली खोक्यात पडले होते. जवळच्या कार्ला गावची एक मावशी माझ्या पायरीवर भाजी विकायला बसायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, दोन वाफे भाताचे, सगळं एकटीनं बघायची. तिनं खोक्यात डोकावून विचारलं, "भाऊ, ह्ये चकाकतंय ते टाकून देताय व्हय? द्या की मला. भाताच्या लोंब्या पोटरीतनं बाहेर आल्यात, पाखरांनी लय उच्छाद मांडलाय. वाऱ्यावर ह्ये हाललं म्हंजी जवळ येत न्हाईत." मी खोकं उचलून तिच्या पाटीत रिकामं केलं.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी पाव्हणा परतला. दिल्लीत काही हाती लागलं नव्हतं. मी त्याला खुर्चीत बसवलं आणि मोठ्या तोऱ्यात फीत लावली. आईचा आवाज आला, खणखणीत. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि तो माझा हात धरून मान हलवत राहिला. मग हळूहळू हात सुटला. त्याचा चेहरा बदलत गेला. फीत संपली तेव्हा तो म्हणाला,

"भाऊ, बाबा कुठे?"

"कुठले बाबा? पुरुषाचा आवाज तुमच्या भावाचाच आहे की."

"खोकला," तो म्हणाला. "तो खोकला बाबा."

मला आधी काय आला असेल तर राग. मी ओरडलो, "अहो, खोकला ठेवायचा असतो का कुठं? पंधरा दिवस मी इथं मान मोडून बसलो!" तो यंत्राकडं बघत बसला. मग तुटक तुटक सांगायला लागला. बाबा फार कमी बोलायचे. भावानं यंत्र पुढं केलं तेव्हा म्हणाले, याच्याशी मी काय बोलू? आणि जवळच बसून राहिले. ते असे खोकायचे ते आजारी म्हणून नाही. घरात येताना, जेवायला बसताना, कुणी फार हसायला लागलं की. ती त्यांची रीत होती.

माझं ओरडणं तिथंच थांबलं. कारण हे मला कुणी समजावून सांगायची गरजच नव्हती. माझा बाप घाटात रेल्वेलाइनवर गँगमन होता. संध्याकाळी उंबऱ्याशी आला की आधी खाकरायचा. ते ऐकलं की आई डोक्यावर पदर घ्यायची, वहिनी आत व्हायच्या आणि आम्ही भावंडं जिथं असू तिथं उठून उभी राहायचो. बाप आमच्याशी काय बोलला ते विचाराल तर मला चार वाक्यं आठवणार नाहीत. पण ते खाकरणं आजही कानात आहे. आणि हाच गाढव मी, दुसऱ्याचा बाप कात्रीनं कापून पाखरं हाकायला देऊन बसलो होतो.

मी दुकानाचं दार ओढून घेतलं आणि म्हणालो, चला. कार्ल्याच्या फाट्यावर उतरलो तेव्हा पाऊस नुकताच पडून गेला होता. मावशीचा वाफा दुरून ओळखू आला. बांधाच्या कडेनं काठ्या रोवलेल्या, आणि प्रत्येक काठीला वीत-वीत, हात-हात लांबीची तपकिरी फीत, वाऱ्यावर फडफडत होती. पाव्हणा बांधावरच थांबला. यातली कुठली त्याच्या बापाची, हे ना त्याला कळत होतं ना मला. मला त्याच्याकडं बघवेना.

मावशी खोपीतून आली. मी सगळं सांगितलं. तिला यंत्राचं फारसं कळलं नाही, पण तिनं एकच विचारलं, "ह्यांच्या बाचा आवाज हाय व्हय त्यात?"

"हाय."

"मग काढा की! बगत काय ऱ्हायलाय?"

मी म्हणालो, "मावशी, पाखरं भात खातील."

"खातील तर खातील. मी बसते डबा वाजवीत. अन् तू रं, शिकलेला माणूस तू, टाकायच्या आदी बगायचं न्हाई का काय टाकतुयास?" एरवी मला अहो-जाहो करणारी ती त्या दिवशी एकेरीवर आली. तिनंच पहिली काठी उपटली. चिखलात तिघं वाकून आम्ही गाठी सोडत होतो. मावशी प्रत्येक तुकडा पदराला पुसून पाव्हण्याच्या हातावर ठेवत होती. काही काठ्या रिकाम्या होत्या, वाऱ्यानं नेलेल्या. ओढ्याच्या काठचे दोन तुकडे पाव्हण्यानं पाण्यात उतरून काढले. आम्ही निघालो तेव्हा ती खरंच बांधावर बसून तेलाचा डबा बडवत होती.

रात्र काही मी जागलो नाही, खोटं कशाला सांगू. सकाळी उठून कामाला लागलो. तुकडे पाण्यानं धुतले, वाळवले. पण कुठला तुकडा कुठून काढला होता ते देवालाच ठाऊक, आणि कुठलं टोक आधीचं तेही कळेना. एक जोडला तर कोंबडा उलटा आरवला. इतक्यातही पाव्हण्याला हसू आलं. मग आम्ही एकेक तुकडा यंत्रापुढून हातानं ओढत ऐकत गेलो. कांडण. कांडण. नुसती खरखर. कुत्रं. उन्हानं आणि पावसानं काहींवरची तपकिरी पूड पार धुऊन गेली होती, त्यावर काहीच नव्हतं. दुपार झाली. राहिले होते चार-पाच तुकडे. मी मनात म्हणत होतो, देवा, एक तरी दे. पुन्हा आयुष्यात शहाणपणा करणार नाही. तेवढ्यात एका वीतभर तुकड्यावर काहीतरी घासल्यासारखं झालं. पाव्हणा खुर्चीच्या कडेला सरकला. तो म्हणाला, "लावा."

मी ते मिळालेले सगळे तुकडे फितीच्या शेवटी जसे जमतील तसे जोडून टाकले होते, आणि हा सगळ्यांत शेवटी जोडला. यंत्र सुरू केलं. कोंबडा आरवला. भात कांडलं गेलं. मध्ये कुणी नुसतं बसून असल्याची शांतता गेली. आणि मग एकदाच, जवळ बसलेल्या माणसाचा, जरा दबलेला खोकला.

पाव्हणा खुर्चीवरून खाली उतरला. जमिनीवर बसला, दोन्ही पाय एका बाजूला दुमडून घेतले, हात जोडले आणि मान खाली घातली. त्याच्या घरात बाप आला की असं बसत असणार.

आणि मी, माझं मलाही कळलं नाही, उठून उभा राहिलो होतो.