मालनचं सुतक

मालन सोमवारी गेली. संध्याकाळचे सात पन्नास झाले होते. स्वयंपाकघरात गॅसचा भडका उडाला, बांगड्या भरलेला एक हात पडद्यावर दिसला आणि जाहिराती लागल्या.

करावे गावात पुतळाकाकीच्या घरी तेव्हा पाच बायका टीव्हीसमोर बसल्या होत्या. सहावी क्षिप्रा. ती वरच्या मजल्यावर भाड्याने राहायची. मराठीत एम. ए. झालेली, नेरूळच्या एका कॉलेजात तासांवर शिकवणारी. आपण ही मालिका केवळ काकीला सोबत म्हणून बघतो, असं ती सगळ्यांना सांगायची. सोमवारी रडली मात्र सगळ्यांत आधी तीच.

मालन म्हणजे साडेसातच्या मालिकेतली मोठी सून. साडेतीन वर्षं तिने ते घर ओढलं. सासऱ्याचं दुखणं, दिराची दारू, नवऱ्याचं बाहेरचं लफडं, सगळं निस्तरलं. मंगळवारी बायका पुन्हा जमल्या. निदान चार माणसं रडताना दिसतील, सासूचं तोंड उतरलेलं बघायला मिळेल, अशी आशा होती. पडद्यावर पाटी आली, 'पाच वर्षांनंतर'. नवऱ्याशेजारी नवी बायको उभी. भिंतीवर मालनचा फोटोसुद्धा नाही.

पुतळाकाकीने रिमोट उचलला आणि टीव्ही बंद केला.

"पाच वरसं?" ती म्हणाली. "दहावा नाय, बारावा नाय. एकदम पाच वरसं?"

बुधवारी सकाळी क्षिप्रा दही मागायला खाली आली. देव्हाऱ्याचं दार लोटलेलं होतं. दिवा नव्हता. काकी ओट्यावर जुनं लुगडं नेसून बसली होती.

"देवाला हात लावू नको म्हनून आधीच सांगते," काकी म्हणाली. "मी सुतकात हाय. सोमवारपासून दहा दिवस."

"कुणाचं सुतक?"

"मालनचं."

क्षिप्रा पायरीवरच बसली. "काकी, ती नटी दुसऱ्या मालिकेत जाणारे. पेपरात आलंय."

"मना ठाव हाय. मी काय येडी हाय? नटी जित्ती हाय, तिला शंभर वरसं आयुक्ष. मेली ती मालन."

क्षिप्राने वाचक आणि पात्र या विषयावर चाळीस पानं लिहून पदवी घेतली होती. त्या चाळीस पानांत सुतक कुठेच नव्हतं.

गोष्ट इथेच मिटली असती. पण पुतळाकाकी गावची धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात हळदीच्या वेळी धवलारीण धवला गाते. देवांना आणि घरातल्या गेलेल्या माणसांना नाव घेऊन मांडवात बोलावते. भटजीचं काम त्यानंतर. सुतकातली धवलारीण हळदीला हात लावत नाही. आणि पुढच्या बुधवारी, म्हणजे बरोबर दहाव्या दिवशी, देवजीच्या रंजिताची हळद होती.

देवजी गुरुवारी आला. शेती गेल्यावर मिळालेल्या भूखंडावर त्याने इमारती उठवल्या होत्या. गावात त्याच्या शब्दाला मान होता. ओट्याखाली उभा राहूनच तो हसला.

"पुतलाबाय, टीव्हीतल्या मानसाचं सुतक? उद्या जाहिरातीतली म्हातारी मेली तं मुंडन करशील काय?"

"ती रोज माज्या घरी आली तर करीन."

"अगं पन ती खोटी!"

"आनि तुज्या घरचे पावने खरे? वरसातून एकदा येतात, मटन खाऊन जातात. मालन रोज यायची. पान्याचा पेलाबी मागला नाय कवा."

देवजीचं हसू मावळलं. "माजी पोर बिनधवल्याची बसंल."

"तुजी पोर माजी पोर. पन मी येनार नाय."

"मी दुसरी आनीन."

"आन."

गाडीचं दार जोरात आपटलं. काकी हलली नाही. जिन्यात उभ्या असलेल्या क्षिप्राला तिने जवळ बसवलं आणि सुगंधाचं सांगितलं. सुगंधा तिची एकुलती मुलगी. उरणला दिली होती. दुसऱ्या बाळंतपणात गेली, त्याला बारा वर्षं झाली. दिली ती मुलगी दुसऱ्या घरची, म्हणून आईला सुतक तीनच दिवसांचं. चौथ्या दिवशी सकाळी दाराशी देवजीची गाडी उभी राहिली. त्याच्या मुलाची, प्रीतमची हळद होती.

"गेलीस?"

"गेले. रातभर गायले. आवाज कापला नाय. गाव म्हनला, बाई नाय, वाघीन हाय." काकीने पदराने ओटा पुसला. तो स्वच्छच होता. "मना वाघीन व्हायचं नव्हतं. मना रडायचं होतं. तवा गप बसले. आता नाय बसनार."

देवजीने घणसोलीच्या धवलारणीला फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग मालनचा दहावा कुठं हाय? मी पन येते." देवजीने फोन ठेवला. प्रीतम म्हणाला, धवला मोबाइलवर मिळतो, स्पीकरला लावू. रंजिताने सांगितलं, स्पीकरकडून हळद लावून घ्यायची असेल तर मांडवात स्पीकरच बसवा. मी येत नाही.

गाव दोन्ही बाजूंनी हसत होतं. नाक्यावर पोरं काकीला विचारायची, "काकी, मालनच्या सासूला जेलात टाकू काय?" काकी सांगायची, "आधी तू तुज्या आयशीला विचार, ती कवा जेवली." पोरं पुढे सरकायची.

बुधवार उजाडला. खाडीच्या कडेला पाच बायका जमल्या. घणसोलीची सहावी. क्षिप्राने तास बुडवला होता. केळीचं पान मांडलं, भाताचा पिंड ठेवला. आणि तिथेच घोडं अडलं. पानावर मेलेल्या माणसाच्या आवडीचं वाढायचं असतं.

"मालनला काय आवडायचं?" एकीने विचारलं.

क्षिप्रा एकेक भाग आठवू लागली. दिवाळी, डोहाळजेवण, दिराचं लग्न. मालन वाढत होती. मालन पोळ्या लाटत होती. मालन ताटं उचलत होती. साडेतीन वर्षांत मालनला कुणी जेवताना बघितलंच नव्हतं. आपल्यालाही हे आज कळावं, याने ती हबकून गेली.

"मंग सगला वाढा," काकी म्हणाली.

भाकरी आली, सुक्या बोंबलाचं कालवण आलं, वडे आले, कुणीतरी दुकानातून चॉकलेट आणलं. बायका मागे सरल्या. खाडीत फ्लेमिंगोंचा थवाच्या थवा उभा होता. कावळा एकही नाही.

नऊ वाजले. दहा वाजले. कावळा शिवावा म्हणून बायका मालनला शब्द देऊ लागल्या. "मालन, तुज्या पोराला शिकवू." "मालन, त्या नव्या बाईला आमी बगनार नाय." कावळा आला, लांब दगडावर बसला, मान वाकडी करून बघत राहिला.

अकराला देवजी आला. संध्याकाळी पाचला हळद. घरात दोनशे पाहुणे. त्याने वहाणा काढल्या, घाम पुसला आणि हात जोडले.

"मालनबाय," तो खाकरून म्हणाला, "काय ऱ्हायला असंल तर सांग. मी पुरा करतो."

एक बाई फिस्सकन हसली. काकी हसली नाही.

"मालनला नको सांगू," ती म्हणाली. "सुगंधाला सांग."

वारा होता, तरी ते सगळ्यांना ऐकू गेलं. देवजीचे हात जोडलेलेच राहिले. त्याने आधी क्षिप्राकडे पाहिलं, मग पाण्याकडे. गावात त्याला असं कुणी कधी उभं केलं नव्हतं. तो निघून जाणार, असं क्षिप्राला वाटलं.

"सुगंधा," तो म्हणाला. आवाज बारीक झाला होता. "तुजी आय घरात रडत होती. मी गाडी धाडली. मना माज्या पोराची हलद दिसली. तू दिसली नाय." मग काकीकडे न बघता, "चुकला माजा."

कावळा दगडावरच होता. पानाकडे फिरकलासुद्धा नाही.

पुतळाकाकी गुडघ्यांवर हात ठेवून उठली. खाडीच्या पाण्यात उतरली, तीन बुड्या मारल्या, केस पिळत वर आली.

"चल," ती देवजीला म्हणाली. "हलद कुटायची हाय."

"कावला शिवला नाय अजून."

"मी सांगते, शिवला. कोनी विचारला तर माजं नाव सांग."

पाच वाजता मांडवात काकीने धवला धरला. आधी गावदेवीला बोलावलं. मग देवजीच्या आजा-पणजाला. मग तिने सुगंधाचं नाव घेतलं आणि त्यामागोमाग मालनचं. रंजिताने डोळे मिटून घेतले. पाहुण्यांत कुजबुज झाली. नवऱ्या मुलाच्या मामाने देवजीला विचारलं, "मालन कोन?"

"घरातलीच," देवजी म्हणाला.

मामाचं समाधान झालेलं दिसलं नाही. काकीने हळदीचा हात रंजिताच्या गालावर ठेवला, मामाकडे रोखून बघितलं आणि तेच नाव पुन्हा गायलं. या वेळी जरा मोठ्याने.