गाऱ्हाण्याचा सारांश

आमच्या घरी फोन अपडेट झाला की आम्ही त्याला हळदकुंकू लावतो. हसू नका! नवा मिक्सर आणला, पंप बसवला, स्कूटर घेतली, की आधी देवासमोर नारळ ठेवायचा ही आमची रीत. अपडेट झालेला फोन बाहेरून तोच दिसतो आणि आतून पार बदललेला असतो (लग्नानंतर माणसाचं होतं तसंच!). म्हणजे तो नवाच झाला की नाही? निदान मी तरी असं मानतो, आणि पूजा मीच करतो.

गेल्या वर्षीच्या अशाच एका अपडेटने मात्र माझं वाटोळं केलं. माझे थोरले बंधू अण्णा मालगुंडला राहतात. नारळ पाडताना ते शिडीवरून घसरले आणि प्लास्टरमधल्या पायाचा फोटो त्यांनी घरच्या ग्रुपवर टाकला. मी सवयीने अंगठा टेकवला तो हात जोडायच्या चिन्हाच्या जागी. पण अपडेटमध्ये चिन्हांच्या जागा बदललेल्या! अण्णांच्या मोडक्या पायाखाली, माझ्या नावाने, खो खो हसणारं तोंड उमटलं. मला कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. अण्णांनी माझ्याशी बोलणंच टाकलं.

"फोन करा नि सांगा, चुकून झालं म्हणून," आमची ही, म्हणजे सुधा, म्हणाली.

"मी कशाला? जन्मापासून ओळखतात ना मला? मी सख्ख्या भावाच्या मोडक्या पायाला हसेन?"

"हसाल. माझ्या आईच्या कवळीला हसला होतात!"

असं करता करता वर्ष सरलं आणि आमच्या लेकीचा, मृणालचा साखरपुडा ठरला. येत्या रविवारी! लहानपणी तिला खांद्यावर घेऊन आरे-वारेच्या वाळूत फिरवलं ते अण्णांनीच. "काका नाहीत तर मी अंगठी घालून घेणार नाही," असं तिने बजावलं. माझी झोप उडाली. अण्णांची रिकामी खुर्ची सारखी डोळ्यांसमोर यायची, पण फोन करायला हात धजेना. पत्रिका पाठवली ती कुरियरने. सख्ख्या भावाला! उत्तर आलं नाही.

शेवटी मी कोकणी माणसाचा हुकमी उपाय काढला. गाऱ्हाणं! माणसाला सांगता येत नाही ते देवाला मोठ्याने सांगायचं, आणि घरच्यांनी दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणून साथ द्यायची. नेमका त्याच सकाळी फोन अपडेट झाला होता. म्हटलं, एका नारळात दोन्ही कामं उरकू. फोन देवापुढे ठेवला, ग्रुप उघडाच होता, काचेवर बोटाने हळद लावली, कुंकू वर ओढलं आणि हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! तुझ्या पायाशी नारळ ठेवलाय!"

"व्हय म्हाराजा!" स्वयंपाकघरातून सुधा आणि मृणाल.

"माझो थोरलो भाऊ लय हट्टी हाय. त्याला सुबुद्धी दे!"

"व्हय म्हाराजा!"

"तो माझ्यावर रुसलाय. पण चूक माझी नाय, फोनाची हाय!"

"व्हय म्हा... अहो, निम्मी तुमची!"

"त्याच्याबिगर मला करमत नाय म्हाराजा! पण मी त्याला सांगणार नाय. तूच सांग! रविवारी माझ्या लेकीच्या..." वाक्य तिथेच सोडलं. मी घाईघाईने नारळ वाढवला आणि फोनची काच पुसली.

"बाबा!" मृणाल किंचाळली. तिच्या हातातला फोन वाजला होता. हळदीच्या बोटाने माइक दाबला गेला, कुंकू वर ओढताना रेकॉर्डिंग चालूच राहायची कडी लागली, आणि काच पुसताना अख्खं गाऱ्हाणं ग्रुपवर रवाना झालं होतं!

मी मात्र शांत. "घाबरतेस काय? माझे व्हॉइस मेसेज आजवर कुणी ऐकलेत?"

"आता ऐकावे लागत नाहीत, बाबा! नव्या अपडेटमध्ये आवाजाचं आपोआप लिखाण होतं. हे बघा!"

मी बघितलं आणि बघतच राहिलो. माझं एकूण एक वाक्य! उद्गारचिन्हांसकट! सुधाचं "निम्मी तुमची" वेगळ्या ओळीत. मध्येच झालेली कुकरची शिट्टीसुद्धा कंसात! अहो, मुंबईहून आलेल्या पाहुण्यांना आमचं बोलणं दोनदा सांगावं लागतं, आणि या मेल्याला एका दमात कळलं? मी पुन्हा हात जोडले, या वेळी थेट फोनला.

"खाली सारांशही आहे," मृणाल हळूच म्हणाली आणि तिने वाचला. "वक्त्याला मोठ्या भावाची आठवण येते. भावाने मुलीच्या कार्यक्रमाला यावे अशी त्यांची इच्छा आहे. हे स्वतः सांगण्यास ते लाजतात."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. जे मला वर्षभर बोलता आलं नाही ते या चपट्या डबीने कुकर उतरायच्या आत सांगून टाकलं! "पूस, पूस लवकर!" म्हणेपर्यंत फोन वाजला. अण्णा!

"वाचलं," ते म्हणाले. "मी हट्टी काय रे?"

"अण्णा, ते मी देवाला..."

"रविवारी कितीला येऊ?"

माझे डोळे भरून आले होते. सुधाने फोन ओढून घेतला आणि म्हणाली, "अण्णा, रविवारी कसले? शनिवारीच या मुक्कामाला!"

अण्णा आले. किंचित लंगडत आले, मृणालच्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्या शेजारी बसले. मला इतका आनंद झाला की अंगठ्या घालून होताच मी माइक हातात घेतला. देवाचे आभार मानले, व्याह्यांचे मानले, मग विज्ञानाची थोरवी सांगायला लागलो. चांगला रंगात आलो होतो, तेवढ्यात अण्णांनी आपला फोन वर धरला आणि खणखणीत आवाजात वाचलं, "सारांश: पाहुण्यांना भूक लागली आहे. वक्ता अजून बोलत आहे!"

अख्खा मांडव हसत उठला आणि पंगतीकडे निघाला. फोनने खरंच तसं लिहिलं होतं की अण्णांनी पदरचं घातलं, हे मी अजून तपासलेलं नाही. खरंच लिहिलेलं निघालं तर काय घ्या!