सतरा की सत्तर

लखनौला आमची बदली झाली तेव्हा लेक दुसरीत होती. ती बारावीत पोचेपर्यंत तिचं मराठी फक्त कानात उरलं. मी मराठीत विचारायचं, तिनं हिंदीत उत्तर द्यायचं. त्या एप्रिलमध्ये तेही बंद झालं. तिला पुण्याला ऑटोमोबाइल इंजिनिअरिंगला जायचं होतं आणि वसतिगृहाच्या फॉर्मवर मी सही करत नव्हतो. का, ते मलाही धड सांगता येत नव्हतं. इथं काय कमी आहे, एवढंच म्हणायचो आणि स्वतःवरच चिडायचो.

अबोल्याला आठ दिवस झाल्यावर रविवारी दुपारी मी तिच्या कॉम्प्युटरशेजारी खुर्ची ओढली. गाड्यांच्या शर्यतीचा गेम होता. पडद्यावर 'डिफरन्शियल', खाली 'एक्सेलरेशन' आणि 'ब्रेकिंग', प्रत्येकापुढे लॉकचे टक्के. हे काय, म्हणून विचारलं.

तिनं सुस्कारा सोडला. "मोड़ पे बाहर वाला पहिया ज़्यादा चलता है, अंदर वाला कम. ये दोनों को अपनी-अपनी चाल देता है. लॉक बढ़ाओ तो दोनों साथ घूमेंगे."

"मग दोन्ही चाकं एकत्र फिरलेली चांगलीच ना?"

"सीधे में, बाबा. मोड़ पे नहीं."

मी मान डोलावली. वनस्पतींवर वीस वर्षं संशोधन केलेला माणूस, पण डोक्यात काही शिरलं नव्हतं. गाढवापुढे वाचली गीता, कालचा गोंधळ बरा होता.

तेवढ्यात दारात सब्जीवाले भैया आले. उठता उठता ती म्हणाली, "एक्सेलरेशन वाला सत्तरह कर दो." शेवटचा 'ह' तिनं नेहमीसारखा गिळला. मी सत्तर केलं.

ती भाजी घेऊन आली, शर्यत सुरू केली. पहिल्या वळणातून बाहेर पडताना वेग देताच गाडी भोवऱ्यासारखी फिरून कठड्यावर आदळली. दुसऱ्यांदाही तेच. मग तिनं आकडा पाहिला.

"बाबा! सत्तर?"

"तूच म्हणालीस."

"मैंने सत्तरह बोला!"

"अगं, तेच तर केलं!"

ती हसत सुटली. आठ दिवसांनी हसली, म्हणून मीही हसलो, कशाला ते न कळता. मग थांबून, एकेक शब्द शोधत ती मराठीत म्हणाली, "सतरा, बाबा. एकावर सात. माझं वय."

फॉर्म कीबोर्डखालीच होता. मला फार वाईट वाटत होतं, पण सही केली. डिफरन्शियल तेव्हाही कळलं नव्हतं.

"आता सतरा करू?" मी विचारलं.

"नको बाबा," ती म्हणाली, "मी करते."