टाकीवाले पेशकार

आमचे अप्पा माणसाचा चेहरा बघण्याआधी त्याच्या मुठी बघत. पाहुणा तांब्या घेऊन परसाकडे वळला की अप्पा आडवे. "मूठ उघडा." मुठीत हात घासायची राख, माती किंवा कडुलिंबाची काडी निघाली की ती तिथंच ठेवून घेत आणि मगच संडासाचं दार उघडत. निजामाच्या कचेरीत पेशकार म्हणून त्यांनी आयुष्य काढलं. तिथं मुठी कुणाकुणाच्या गच्च होत्या हे त्यांना चांगलं ठाऊक होतं, पण एकीलाही हात लावायचं धाडस झालं नाही. ते सगळं शौर्य त्यांनी घरी वापरलं.

पेन्शनीत निघाल्यावर ते हैदराबादला गेले आणि कुण्या बड्या साहेबाच्या बंगल्यात त्यांनी पाण्याचा संडास पाहिला. लोक तिथून बांगड्या आणतात, मोती आणतात. अप्पांनी गवंडी आणला. परसात खड्डा खणून विटांची बंद टाकी बांधली, वर फरशी बसवली. परभणीच्या आमच्या आळीत तशी दुसरी नव्हती. लोक चेष्टेनं त्यांना टाकीवाले पेशकार म्हणू लागले. अप्पांना तो सरकारी किताब वाटला.

"टाकीच्या पोटात जंतू ऱ्हातात," ते येईल त्याला समजावत. "तेच सगळं पचवतात. राख-माती त्यांना पचत न्हाई. अन् विष तर लय लांबची गोष्ट." आईनं एकदा वास येतो म्हणून फिनेल ओतलं, तर अप्पा दिवसभर अन्नाला शिवले नाहीत. माझ्या तापात त्यांनी एवढं केल्याचं मला आठवत नाही. भाताची पेज, तेलकट पाणी, जुनेराच्या चिंध्या, विंचरलेल्या केसांचं गुंतवळ, सगळ्यांना मनाई. "नीट वागवली तर टाकी माणसापेक्षा इमानदार," असं ते म्हणत, आणि तेही आईच्या देखत.

आपल्या घरचा मैला आता कुणाला डोक्यावर वाहावा लागत नाही, याचा त्यांना फार अभिमान. ते खरंच होतं. पण वाहणाऱ्या बाईचं काम गेलं तेव्हा ती काय खाणार, हा प्रश्न त्यांना पडला नाही. जंतू मात्र उपाशी राहता कामा नयेत.

माझं लग्न पोखर्णीच्या तालेवार घरात ठरलं. वऱ्हाड आदल्या दिवशीच बैलगाड्यांनी आलं. लग्नाच्या दिवशी सकाळी माझे होणारे सासरे तांब्या घेऊन परसात निघाले. अप्पा दारात उभेच.

"मूठ उघडा."

मामंजींना गंमत वाटली. त्यांनी उघडली. आत काळ्या मातीचं ढेकूळ.

"ही आत न्यायची न्हाई. बाहेर येऊन हात धुवा."

"मी काय चोर हाय का?" मामंजी कडाडले. "पोरीचा बाप नवरदेवाच्या बापाची झडती घ्यायलाय! नरसिंहाची आन, गाड्या जुंपा रे!"

बैल जुंपलेसुद्धा. मी हळदीच्या अंगानं माजघराच्या दारातून बघत होते. वऱ्हाड मांडवातून परत गेलेली पोर, हीच माझी ओळख जन्मभर राहणार होती. चुलते मध्ये पडले, तेव्हा मामंजींनी एकच अट घातली: माझी माती आत जाऊ द्या, मग मांडवात येतो. अप्पा म्हणाले, "पाया पडतो, माफी मागतो. माती तेवढी बाहेर ठेवा."

तेव्हा आई चुलीपुढून उठली. गार झालेल्या राखेचं घमेलं तिनं उचललं, अप्पांना ओलांडून संडासात गेली, सगळी राख भांड्यात उपडी केली आणि वर बादलीभर पाणी ओतलं. बाहेर येऊन, ज्या पुरुषांपुढं तिनं कधी आवाज काढला नव्हता त्यांच्यापुढं उभी राहिली.

"व्याहीबुवा, आता तुमी खुशाल न्या माती. अन् बैल सोडा."

बैल सुटले. लग्न लागलं.

संध्याकाळी पाठवणीच्या वेळी अप्पा परसातून आले, डोळे लाल. मामंजी खुशीत होते. गाडीत बसूनच त्यांनी विचारलं, "पेशकार, पोरीसाठी रडायलाव का टाकीसाठी?"

अप्पांना थट्टा कधी कळलीच नाही. उपरण्यानं डोळे पुसून त्यांनी सरळ उत्तर दिलं, "पोरगी नांदंल हो. टाकीचं काई सांगता येत न्हाई."

सगळं वऱ्हाड खो खो हसलं. मी मात्र पोखर्णी येईपर्यंत त्यांच्या नावानं चिडून रडले.

टाकी त्याच पावसाळ्यात तुंबली. उपसायला पूर्वी मैला वाहणाऱ्या त्या बाईच्याच नवऱ्याला बोलवावं लागलं, आणि नाकाला उपरणं लावून अप्पा त्याला सूचना देत होते म्हणे. सासरी माझंही पहिलं वर्ष फार वाईट गेलं. एकदा तर मी माहेरी निघायला बोचकं बांधलं होतं. बांधता बांधता अप्पांचं ते उत्तर आठवलं, आणि अशी चीड आली की मी ते बोचकं सोडून टाकलं.

अप्पा गेल्याचा निरोप आला तेव्हा माझं घर भरलेलं होतं आणि किल्ल्या माझ्या कमरेला होत्या. माझं कसं चाललंय ते बघायला ते पोखर्णीला एकदाही आले नव्हते. त्यांना कधी गरजच वाटली नसावी.