तेलाचा बाक

सकाळी चहा घेण्याआधी टेबलावर एक गोटी ठेवायची आणि ती घरंगळते का ते पाहायचं, हा त्यांचा रोजचा नेम. गोटी हलली तर टेबलाच्या पायाखाली कागदाची घडी जायची आणि मगच कपाला हात. लेक विचारायची, "अप्पा, टेबल रात्रीतून फिरायला जातं का कुठे?" ते म्हणायचे, "लाकूड आहे ते. त्याचा भरवसा धरू नये."

ते सुतार. काटकोन तपासायचा गुण्या कायम जवळ असायचा, म्हणून गल्लीने त्यांचं नावच गुण्यामामा पाडलं होतं. एकदा डॉक्टर नाडी बघत होते, तेव्हाही मामांनी मोकळ्या हाताने टेबलावरची फाइल सरळ करून ठेवली होती.

घरामागच्या खोलीत त्यांचा लेथ. आई गेल्यापासून लेक त्यांच्या हाताखाली काम करायची. घासणं, रंगवणं तिच्याकडे. भोकं पाडायच्या यंत्राला मात्र ते तिला शिवू देत नसत. "तुझ्या हातून एक भोक सरळ पडेल तर शपथ," असं म्हणत आणि स्वतः पुढे होत.

त्या वर्षी कॉलेजातल्या जीवशास्त्राच्या बाईंनी वेगळंच काम आणलं. त्यांच्या वर्गात जन्मापासून न दिसणारी एक मुलगी आली होती. शरीर ज्या मोठमोठ्या रेणूंचं बनतं त्यांचे सुटे भाग तिला लाकडात हवे होते, म्हणजे पुस्तकातल्या आकृत्या तिच्या बोटांना कळल्या असत्या. मामांना हे भराभर उमगत गेलं. साखरेचे षट्कोनी तुकडे एकाला एक जोडत नेले की पिष्ट. वीस घाटांचे मणी म्हणजे अमिनो आम्लं, ती ओवली की प्रथिन. आणखी चार प्रकारचे तुकडे, त्यांच्या लांबच लांब माळेत आईबापांचे गुण पोरांत उतरवायचा मजकूर.

"सगळा ओवण्याचाच धंदा की," मामा म्हणाले.

"स्निग्ध पदार्थ सोडून. त्यांची अशी माळ होत नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी जुन्या कपाटातले दोन नमुने समोर ठेवले. एक लोण्याचा, एक तेलाचा. दोन्हींत ग्लिसरॉलचा एक आडवा तुकडा आणि त्याला खोचलेल्या मेदाम्लांच्या तीन शेपट्या. एकेका शेपटीत अठरा गोळ्या.

तेलाच्या शेपट्या मधोमध वाकलेल्या होत्या. बरोबर तिथेच दोन गोळ्यांना एकीच्या जागी दोन खुंट्यांनी जोडलं होतं. लेकीच्या ते नजरेत भरलं.

"अप्पा, हा वाकडाय."

"म्हणून तर नवीन करायला दिलाय. दमट कपाटात पडून दुसरं काय होणार?"

तिला ते पटलं नव्हतं. पण भर कामात त्यांच्याशी वाद घालायचा तिला कंटाळा होता. नव्या संचात दोन खुंट्यांच्या त्या शेपट्या मामांनी ओळंब्यासारख्या सरळ केल्या आणि तिने त्या निमूट रंगवल्या.

संच दिल्यावर तीन आठवड्यांनी बाई आल्या आणि स्टुलावर बसल्या. परवा मुलीची तोंडी परीक्षा होती, परीक्षक बाहेरून येणार होते. आज बाईंनी सराव घेतला. वाटीत घट्ट राहील ते कोणतं आणि वाहील ते कोणतं, असं विचारलं. मुलीने दोन्ही प्रकारच्या शेपट्या शेजारी शेजारी ठेवून चाचपल्या आणि म्हणाली, दोन्ही घट्टच राहतील.

"शेपट्या सरळ असल्या की एकमेकींना चिकटून बसतात, पदार्थ गोठतो," बाई म्हणाल्या. "बाक असला की मध्ये जागा राहते, म्हणून तेल वाहतं. मामा, तुम्ही तेलाची मेणबत्ती केलीत."

मामांनी फळीवर राहिलेला जुना नमुना उचलला आणि त्याचा बाक चाचपला.

"तिची बोटं खरं तेच सांगत होती. लाकूड खोटं बोललं," बाई म्हणाल्या.

बाई गेल्यावर ते बराच वेळ तो जुना नमुना हातात फिरवत बसले. लेकीच्या जिभेवर आलं होतं, मी सांगितलं होतं. ती ते बोलली नाही. आपणही सांगून सोडून दिलं, हेही तिला तितकंच टोचत होतं.

मग मामा लेथपाशी उभे राहिले. नव्या गोळ्या झाल्या, पण भोक तिरकं पाडायची वेळ आली की हात आपोआप सरळ व्हायचा. चार गोळ्या वाया गेल्या. पाचवी त्यांनी तिच्यापुढे धरली.

"तू पाड."

"मी?"

"एवढी वर्षं वाकडी पाडत आलीस, आज कामाला येईल. पण थांब, कोन मोजून घे. वाकडं झालं तरी मापात हवं."

दुसऱ्या दिवशी बाई मुलीला घेऊन आल्या. मामा तिच्यासमोर बसले आणि म्हणाले, "पोरी, मी तुला उलटं शिकवलं. नमुना समोर असून त्याचं ऐकलं नाही. आता हे बघ." तिने नव्या शेपट्या जवळ आणून पाहिल्या, फिरवून पाहिल्या, दाबून पाहिल्या.

"या जवळ बसतच नाहीत."

"वाटणीवरून भांडलेले भाऊभाऊ दिसतायत," मामा म्हणाले. मुलगी मोठ्याने हसली. मग पुन्हा सुरुवातीपासून चाचपत आली आणि बाकावर बोट टेकवून म्हणाली, "म्हणून वाहतं."

परीक्षकांनी तिला तेच विचारलं. ती पास झाल्याचा निरोप घेऊन बाई स्वतः आल्या. पुढच्या वर्षी आणखी दोन मुलं येणार होती, त्यांच्यासाठी सगळा संच नव्याने करायचा होता. त्या संचातली भोकं, सरळ आणि तिरकी, लेकीने पाडली. मामा जवळ उभे राहून पाहत होते. दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं.

संच न्यायला मुलगी स्वतः येणार होती. त्या दुपारी मामा खोक्याच्या झाकणाला बारीक खिळ्यांसारख्या चुका ठोकत होते. हातातली डबी कलंडली, थोड्या खाली सांडल्या. दमलो म्हणाले, आत जाऊन आडवे झाले आणि पुन्हा उठले नाहीत. आत जाताना दारात थांबून लेकीला एवढंच म्हणाले होते, "त्या चुका वेचून घे. पोरीच्या पायात जातील."